भिंतीवरील फोड

निबंध म्हटला म्हणजे त्यांत सूर्योदय असावा, वसंतऋतु असावा, निदान एखादा थोर पुरुष तरी असावा, असा आमच्या वर्गांतील मुलांचा समज आहे. आणि तो समज त्यांना बहुधा आम्हींच करून दिला असला पाहिजे. तेव्हां आम्ही शाळेच्या वार्षिक अंकांत भिंतीच्या रंगास आलेल्या फोडांविषयीं लिहावयास बसलों, हें पाहून कांहीं विद्यार्थी गालांतल्या गालांत हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. आमच्या घरांतील एका भिंतीनें आम्हांस नऊ वर्षें एकच धडा पुनः पुनः घातला, आणि नऊ वर्षें आम्ही त्यांत नापास होत राहिलों. ज्या मास्तरांनीं दुसऱ्यांना नापास करण्यांत वीस वर्षें घालविलीं, त्यांची ही हकीकत मुलांस ऐकावीशी वाटेल, असा आमचा अंदाज आहे.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत, समुद्राची गाज ऐकूं येईल इतक्या अंतरावर आहे. आजोबांनीं तें जांभ्याचे चिरे चुन्यांत बसवून बांधिलें. भिंती दीड हात जाड, त्यांवर आंतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, आणि वर मंगलोरी कौलें. जांभा हा दगड दिसावयास राकट, पण अंगानें भोंकाभोंकांचा. पाणी दिसलें कीं पिणारा. आणि पाण्याला तर आमच्याकडे तोटा नाहीं. चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो सगळा पडल्या जागीं उभा राहिला तर सुमारें दहा फूट पाणी होईल. अशा मुलुखांत असें घर टिकतें, तें भिंत पाणी पीत नाहीं म्हणून नव्हे. प्यालेलें पाणी तिला पुनः बाहेर टाकतां येतें म्हणून. हें वाक्य आज आम्ही ऐटीनें लिहीत आहों. तें आम्हांस आधीं ठाऊक असतें, तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.

बाबा हयात होते तोंवर दर वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस दोन कामें ठरलेलीं असत. एक, भिंतींस चुन्याचा हात देणें. आणि दुसरें, घराभोंवतीं जेथें पागोळ्या पडतात त्या रेषेवर वीतभर खोल चर मारून तो उताराकडे काढून देणें. हीं दोन्ही कामें आम्हांस अडाणीपणाचीं वाटत. बाबांच्या मागें घर आमच्या हातीं आलें. आम्ही पदवीधर, आम्हांस सुधारणेची हौस. २०१३ सालीं आम्हीं अंगणास थेट भिंतीपर्यंत सिमेंटाचा कोबा करून घेतला. चिखल गेला, त्याबरोबर चरहि गेला. जोतें मुळांत ठेंगणें, त्यांत अंगण वर आलें, आणि घाईंत कोब्याचा उतार घराच्या दिशेनेंच राहिला. दुसऱ्या वर्षीं मे महिन्यांत आंतल्या भिंतींवरील चुना वरवर खरवडून त्यांवर चकचकीत आकाशी तैलरंग दिला. रंगारी म्हणाला, "सर, आतां दर वर्षीं चुना नको. ओलें फडकें फिरविलें कीं काम झालें." त्या महिन्यांत जो जो घरीं आला, त्यानें भिंतींची तारीफ केली, आणि आम्हीं ती विनयानें स्वीकारिली.

सप्टेंबरांत माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीवर पहिले फोड दिसले. तेथें आमच्या आईची खाट असे. प्रथम ते मसुरीच्या डाळीएवढे होते, मग लिंबाएवढे झाले. कांहीं बोटानें दाबले असतां मऊ लागत व आंतून पाण्याचा थेंब ओघळे. कांहीं पापडासारखे कुरकुरीत असून ते फुटले म्हणजे आंतून पांढरी, कापसासारखी हलकी पूड पडे. आमच्याकडे ह्यास भिंतीला लोणा लागला असें म्हणतात.

आमचा पहिला उपाय तोच, जो जगांत बहुतेक लोक करितात. फोड लोखंडी पट्टीनें खरवडले, खळग्यांत लांबी भरली, पॉलिशपेपर फिरविला, आणि नाताळच्या आठवडाभर आधीं वर रंगाचा हात दिला. नाताळांत भिंत सुरेख दिसली. पुढच्या भाद्रपदांत फोड जागच्या जागीं हजर. मग ओल अडविणारा म्हणून जो महाग रंग मिळतो तो आणला. मग सुटलेला गिलावा काढून तेथें सिमेंटाचें ठिगळ दिलें. दर खेपेस फोड परत येत, आणि दर खेपेस ते मागच्यापेक्षां चार बोटें वर येत. आम्हीं रंगाला दोष दिला, रंगाऱ्याला दिला, समुद्राच्या खाऱ्या हवेला दिला. स्वतःला सोडून बाकी सर्वांची नांवें घेऊन झालीं.

हे फोड कां येतात, हें आतां सांगतों. कारण वाचकांपैकीं ज्यांचीं घरें आहेत त्यांना त्याचा उपयोग होईल. रंग हा भिंतीला चिकटलेला एक पातळ पापुद्रा असतो. तैलरंगाचा पापुद्रा असा घट्ट असतो कीं त्यांतून पाणी वा वाफ सहज बाहेर पडत नाहीं. भिंतीच्या पायाशीं पाणी मुरलें म्हणजे दिव्याच्या वातींत तेल चढतें तसें तें दगडाच्या व गिलाव्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतें. चुन्याच्या भिंतीवर तें पृष्ठभागीं येऊन उडून जातें. वर तैलरंग असला म्हणजे त्याची वाट बंद होते. तें पापुद्र्यामागें सांचतें, ऊन्ह पडून भिंत तापली कीं वाफ होऊन पापुद्र्यास रेटतें, आणि बाहेर पडण्यास जागा शोधीत आणखी वर चढतें. शिवाय हें पाणी एकटें येत नाहीं. मातींतले व दगडांतले क्षार विरघळवून बरोबर आणतें. पाणी उडालें कीं क्षारांचे स्फटिक बनतात. आणि वाढणाऱ्या स्फटिकाचा जोर असा असतो कीं रंगाचा पापुद्रा तर राहोच, गिलाव्याचे कणसुद्धां त्यानें सुटतात. ती पांढरी पूड म्हणजे हेच स्फटिक. आमच्या सिमेंटाच्या ठिगळानें आणखी एक करामत केली. सिमेंट पुरतें वाळण्यापूर्वींच आम्हीं त्यावर तैलरंग दिला. ताज्या सिमेंटांतील अल्कली तेलाशीं मिळाली, आणि रंगाचा चक्क साबण झाला. रसायनशास्त्राच्या तासाला साबणाची ही क्रिया मुलांकडून पाठ करून घेतात. आमच्या घरीं ती भिंतीवर घडत होती, आणि आम्ही ती पुसून काढीत होतों.

२०२३ च्या ऑगस्टांत आईचा खोकला वाढला. डॉक्टरांनीं खोली कोरडी ठेवावयास सांगितलें. खोली झाडून घ्यावी म्हणून आम्हीं तिची लोखंडी खाट बाजूस केली, तों खालच्या शहाबादी फरशीवर खाटेच्या पायांचे गंजाचे डाग दिसले. ते चार नव्हते, पुष्कळ होते. भिंतीपासून निघून खोलीच्या मध्याकडे, चार-चार बोटांच्या अंतरानें, एकापुढें एक अशी डागांची रांगच लागली होती. जणूं खाट वर्षानुवर्षें भिंतीपासून पाऊल पाऊल मागें सरत आली होती.

आम्हीं विचारिलें, "आई, खाट कधीं सरकवलीस?"

"दर पावसाळ्यांत थोडी थोडी," ती म्हणाली. "रात्रीं भिंत गार लागते रे."

"मग मला सांगितलें कां नाहींस?"

"सांगितलें होतें. तूं अंगण केलेंस त्याच वर्षीं सांगितलें, कीं बाबांचा चर बुजवूं नकोस, पाणी जाईल कुठें? तूं म्हणालास, आई, आतां सिमेंटाचे दिवस आहेत. मग मी पुनः बोललें नाहीं."

तिच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. हे शब्द आम्ही बोललों होतों, हें आम्हांस आठवलें. आणि ते कोणत्या सुरांत बोललों होतों, तेंहि आठवलें. जिनें त्या भिंतीच्या कुशीला पन्नास पावसाळे काढिले, तिला सोडून आम्ही रंगाच्या दुकानदारांचा सल्ला घेत फिरलों होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्ही शेजारच्या वाडींतील एका वृद्ध गवंड्याकडे गेलों. त्यांनीं येऊन भिंतीवर बोटांच्या पेरांनीं ठोकून पाहिलें, तळवा ठेवून पाहिला, मग बाहेर जाऊन अंगणांत बराच वेळ उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "मास्तर, हा रंगाचा रोग नव्हे. तुम्हीं भिंतीचे पाय पाण्यांत ठेवलेत आणि वर तिचें तोंड बांधलेंत." बाबांच्या चराची गोष्ट आम्हीं सांगितली तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "मग तुम्हांला ठाऊक होतें कीं."

तरीहि पदवीधराची खोड सहसा जात नाहीं. आम्हीं प्रयोग करून पाहिला. तो सोपा असल्यामुळें येथें देतों. भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करावा, त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद ठेवून चारी कडा चिकटपट्टीनें नीट बंद कराव्या, आणि एक-दोन दिवस तसाच राहूं द्यावा. कागदाच्या भिंतीकडील अंगास थेंब जमले, तर पाणी भिंतींत आहे. खोलीकडील अंगास जमले, तर तें खोलींतल्या दमट हवेचें आहे, आणि खिडक्या उघडणें हेंच त्यावर पहिलें औषध. आमच्या कागदामागें दुसऱ्या सकाळीं दंव पडल्यासारखे थेंब होते. दुसरी परीक्षा फोडाचीच. एक फोड कापून त्याची पाठ पाहावी. नुसता वरचा थर सुटला असून खालचा जुना रंग कोरडा व घट्ट असेल, तर दोष रंगविणाऱ्याचा. त्यानें धुळीवर, तेलकटीवर वा हाताला पांढरें लागणाऱ्या जुन्या चुन्यावर रंग दिला असला पाहिजे. पण गिलाव्यापर्यंत सर्व सुटलें असून पाठ ओली वा क्षारानें पांढरी असेल, तर रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वीं पाण्याचा उगम शोधिला पाहिजे.

कामाचा क्रम आतां उलटा झाला. आजवर आम्ही आंतून आरंभ करीत असूं. ह्या खेपेस बाहेरून केला. ऑक्टोबरांत पाऊस उघडतांच भिंतीलगतचा कोबा दीड हात रुंदीनें फोडिला, पागोळीच्या रेषेवर चर मारून तो दगडगोट्यांनीं भरला, आणि त्याला उताराकडे वाट करून दिली. ज्या अंगणाला आम्हीं सुधारणा म्हटलें होतें, तें घणानें फुटतांना आई ओटीवर बसून पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. गवंड्यांना मात्र तिनें दोनदां चहा दिला.

मग आंत. फोड दाबून बसविणें किंवा सुईनें टोंचून वर रंग फिरविणें, हीं दोन्ही फुकट जाणारीं कामें. रंग जेथवर सहज सुटतो तेथवर सगळा काढावा, आणि जेथें पात्याला खरा विरोध होईल तेथें थांबावें. येथें एक इशारा. पूर्वींच्या तैलरंगांत पुष्कळदां शिसें असे, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस फार घातक. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ सालीं झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आले. म्हणून त्याआधींचा रंग कोरडा घासूं नये, ओला करून खरवडावा. मुलांना दूर ठेवावें, आणि खरवडा गोळा करून झांकून टाकावा. रंग निघाल्यावर सिमेंटाचीं ठिगळें व ओला गिलावा ओलीच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत काढिला. चिऱ्यांवरचा क्षार कोरड्या कुंच्यानें झाडून काढिला; तो पाण्यानें धुतला तर विरघळून पुनः भिंतींतच शिरतो.

यापुढचें काम सर्वांत कठीण होतें, आणि तें म्हणजे कांहीं न करणें. दीड हात जाड भिंत वाळावयास आठवडे पुरत नाहींत, महिने लागतात. गवंडी म्हणाले, "नाताळ होऊन जाऊं द्या." त्या वर्षीं नाताळांत आमच्या माजघराची एक भिंत उघडी होती, तांबडे चिरे, मधून सांधे, खालीं वाळूचे कण. पाहुणे आले, फराळ झाला, आणि प्रत्येकानें त्या भिंतीकडे एकदां पाहून दुसरीकडे दृष्टि वळविली. पूर्वीं अशा प्रसंगीं आम्हीं कांहीं तरी करून ती झांकली असती. त्या दिवशीं कोणी विचारिलें तर आम्ही सांगत होतों, "ओल आहे, वाळत ठेविली आहे." सांगतांना वाटलें होतें तितकें अवघड गेलें नाहीं.

त्या रिकाम्या महिन्यांत आम्हीं थोडें वाचन केलें. विट्रुव्हियस नांवाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत लिहिलेल्या ग्रंथांत ओल्या जागेसाठीं सांगितलें आहे, कीं भिंतीच्या तळच्या सुमारें तीन फुटांस वाळूऐवजीं कुटलेल्या विटकरीचा गिलावा द्यावा. आणि ओल सततची असेल तर आंतून थोडें अंतर सोडून दुसरी बारीक भिंत घालून मधल्या पोकळींतून पाण्याला व हवेला वाट ठेवावी. विटांची ती पूड म्हणजे आमच्या गवंड्यांची सुरखी. लिओनार्दो दा व्हिन्ची यानें १४९५ ते १४९८ च्या सुमारास मिलान येथील एका मठाच्या भोजनगृहांत शेवटच्या भोजनाचें जें जगप्रसिद्ध चित्र काढिलें, त्याचीहि गोष्ट अशीच. ओल्या चुन्यावर झपाट्यानें रंग भरण्याची जुनी रीत सोडून त्यानें कोरड्या भिंतीवर सावकाश रंगविलें. भिंत ओल धरणारी निघाली, आणि चित्रकाराच्या हयातींतच रंगाचे पोपडे सुटूं लागले. अलीकडची त्याची मोठी दुरुस्ती १९७८ पासून १९९९ पर्यंत, एकवीस वर्षें चालली. भिंतीला न विचारतां रंग देण्याची चूक एवढ्या थोर हाताकडूनहि झाली, हें वाचून आम्हांस थोडा दिलासा मिळाला, हें कबूल केलें पाहिजे.

फेब्रुवारींत गिलावा केला. कळीचा चुना पाण्यांत विरवून मुरूं दिलेला. एका भागास तीन भाग वाळू, आणि त्या वाळूंतच कांहीं भाग सुरखी. वाळू नदीची व धुतलेली. समुद्राची घेतली तर मीठ आपणच आणून भिंतींत घातल्यासारखें होतें. गिलावा कांहीं दिवस पाणी शिंपडून ओलसर ठेविला. चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु घेऊन हळूहळू पुनः चुनखडक होतो, आणि त्याला घाई खपत नाहीं. मे महिन्यांत, बाबा करीत त्याच सुमारास, गाळलेल्या चुन्यांत डिंकाचें पाणी घालून तीन हात दिले. चुना प्रथम पाणीदार दिसतो; वाळतां वाळतां पांढरा होत जातो.

शहरांत ज्यांचीं सिमेंटाचीं घरें आहेत, त्यांना चुना लावावयास आम्ही सांगत नाहीं. पण क्रम तोच. फोडामागच्या बाजूस न्हाणीघर आहे काय, भिंतींतून नळ गेला आहे काय, बाहेरच्या गिलाव्यास चीर आहे काय, गच्चीवर पाणी तुंबतें काय, हें आधीं पाहावें आणि तें बंद करावें. भिंत पुरती वाळूं द्यावी. मग सुटा रंग काढून कडा घासून उतरत्या कराव्या, लांबी भरावी, अल्कली सोसणारा प्राइमर द्यावा, आणि त्यानंतर रंगाचे दोन पातळ हात. पाऊस संपल्याबरोबर सणाच्या घाईनें रंग देणें, हें पुढच्या वर्षाच्या फोडांचें बीं पेरणेंच होय.

विद्यार्थी मित्रांनो, आतां तुमच्याशीं दोन शब्द. आठवीच्या वर्गांत एक मुलगा बीजगणितांत प्रत्येक परीक्षेस तीच ती चूक करी, आणि आम्ही प्रत्येक परीक्षेस तिच्यावर तांबड्या शाईची तीच ती रेघ ओढीत असूं. त्या भिंतीच्या दुरुस्तीच्या वर्षीं आम्हीं त्याला प्रथमच जवळ बसवून विचारिलें, "बाळ, हें कोठून चुकतें?" तेव्हां कळलें, कीं चौथींत असतांना तो काविळीनें आजारी होता, आणि अपूर्णांक शिकविले त्या महिन्यांत तो शाळेंत आलाच नव्हता. पाणी चार इयत्ता खालून चढत होतें; आम्ही वर रंग देत होतों. अपूर्णांकांस पंधरा दिवस लागले. त्याच्या वहींतील तांबड्या रेघांचा आम्हांस त्यानंतर फारसा अभिमान वाटला नाहीं.

२०२४ चा पावसाळा आमच्याकडे नेहमींसारखा आला. जुलैंत भिंतीच्या तळाशीं वीतभर फिकट ओल दिसली. ती कोणी झांकली नाहीं, आणि ऑक्टोबरांत ती आपोआप वाळून गेली. फोड एकहि आला नाहीं. नाताळच्या आदल्या दिवशीं फरशी पुसतांना आम्हीं पाहिलें, तों आईची खाट भिंतीकडे सरकलेली. पण एकदम नव्हे, गंजाच्या एकाच डागानें. आम्हीं म्हटलें, "आई, आतां भिंतीला लावून ठेव कीं. वाळली आहे ती."

तिनें भिंतीवर तळवा ठेवून पाहिला, आणि म्हणाली, "आणखी एक पावसाळा जाऊं दे."

ह्या खेपेस आम्हीं तिचें ऐकलें.